वहिनीच्या शेजारी, समुद्राकडे तोंड करून

फादर, सिस्टर, आपल्या चर्चमधले सगळे, आणि मांडवीतले माझे शेजारी. आई गेली म्हणून तुम्ही प्रार्थनेला आलात, बरं वाटलं. मी सुनीता, फिलूबाईंची मुलगी. असं उभं राहून बोलायची मला सवय नाय. शाळा पण लवकर सुटली माझी. चुकलं माकलं तर सांभाळून घ्या.

काल रात्री मी झोपले नाय. रडत होते म्हणून नाय. माझ्या मुलीने झोपताना विचारलं, "मम्मी, आजी उठणार तेव्हा तिला चष्मा कोण देणार?" आईचा चष्मा फळीवरच राहिला ना. पुरायच्या घाईत कोणाच्या लक्षात आलं नाय. मी बोलले, तेव्हा चष्मा लागत नाय गो. तर बोलते, "मग हात? हात काळेच असणार तिचे?"

आई लांज्याला असताना काजू फोडायची. टरफलाचं तेल लागून बोटं काळी झालेली, ती शेवटपर्यंत तशीच होती. मुलगी विचारून झोपून गेली आणि मी जागी. खरंच, असणार का काळे?

आज सकाळी फादरना विचारलं. ते हसले नाय. ते बोलले, प्रभू मेलेल्यांतून उठला तेव्हा त्याच्या हातावर खिळ्यांचे वण होतेच की. मग मला बरं वाटलं. आईचे हात गोरे करून दिले तर मी ओळखणार कशी तिला?

फादर याला पुनरुत्थान म्हणतात. मी आपली उठणं म्हणते. आम्ही मानतो की मेलेली माणसं एक दिवस उठणार. आणि माझे जे शेजारी आपल्या चर्चचे नाय, त्यांना एक सांगते. आमच्याकडे माणसाला पुरताना डोकं पश्चिमेला ठेवतात, पाय पूर्वेला. का? तर प्रभू पूर्वेकडून येणार. माणूस उठला की समोर तोच दिसला पाहिजे. क्रूस डोक्याशी रोवतात. म्हणून आमच्या दफनभूमीत सगळे क्रूस एका बाजूला दिसतात.

दोन सोडून.

आईला पुरलं त्या दिवशी तुमच्यातले बरेच जण कुजबुजत होते, मी ऐकलं. क्रूस उलट्या टोकाला कसा? कोणी बोललं, पोरगी घाबरलेली, नवरा बोटीवर, हिला कुठे सुचणार. मी घाबरलेली होते हे खरं. अजून आहे. पण चूक झाली नाय. आज तेच सांगायला उभी आहे.

चूक झाली ती वहिनीच्या वेळी. रीटावहिनी, माझ्या सायमनदादाची बायको. लॉकडाऊनमध्ये त्या आजाराने गेली. आम्हाला कोणालाच जवळ जाऊ दिलं नाय. दादाला पण नाय. ज्यांनी पुरलं ते बिचारे परके, जिवाच्या भीतीने घाईत. त्यांना आमची रीत कुठून माहीत असणार? नंतर दादा क्रूस घेऊन गेला, तेव्हा कळलं की वहिनीचं डोकं पूर्वेला आहे. म्हणजे ती उठणार समुद्राकडे तोंड करून. सगळ्यांकडे पाठ.

दादा वेडापिसा झाला. बोलला, उघडा, नीट ठेवा तिला. तसं करता येत नव्हतं. तेव्हाच्या फादरनी खूप समजावलं, देव दिशा बघत नाय. तर दादाने विचारलं, "मग इतकी वर्षं सगळ्यांना पूर्वेकडे तोंड करून का ठेवलंत?"

ते मला अजून कळलेलं नाय.

दादा मुंबईला गेला. हॉटेलात जेवण बनवतो. चर्च सोडलं, घरी येणं सोडलं. शेवटचा फोन झाला त्यात बोलला, "मला आता कोणाकडे तोंड करून उभं राहायचं नाय, सुने." मग माझा फोन उचलायचं पण बंद केलं.

आई काय करायची? ईस्टरच्या पहाटे आपण सगळे मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जातो. आपापल्या माणसाच्या पायाशी उभे राहतो, पूर्वेला पाठ करून. आई वहिनीच्या पायाशी जायची, म्हणजे सगळ्यांच्या उलट टोकाला. ती एकटीच उगवतीकडे बघत उभी. लोकांना वाटायचं, म्हातारीला दिसत नाय.

यंदा पावसाआधी आईचं दुखणं वाढलं. एक दिवस मला बोलली, रिक्षा बोलाव. मला वाटलं डॉक्टरकडे. तर गेली दफनभूमीत. कबरी खणतो त्या बाबल्याला बोलावलं आणि बोलली, माझी जागा इथे, रीटाच्या शेजारी. आणि डोकं तिच्यासारखंच.

बाबल्या बोलला, "आजी, उलटं होईल गो ते. लोक मला शिव्या घालतील."

आई बोलली, "तू जांभा फोडून खड्डा खण रे मेल्या. झोपायचं मला आहे."

मी घरी येऊन भांडले तिच्याशी. बोलले, आई, हे काय डोक्यात घेतलंस? एकीचं चुकलं म्हणून दुसरीचं मुद्दाम चुकवायचं? आई वाल सोलत होती. सोलता सोलता बोलली, ते मी जसंच्या तसं सांगते.

"रीटा लग्न होऊन आली तेव्हा तिला कायच माहीत नव्हतं. विहीर कुठे, चूल कुठे. दारात उभी राहिली नुसती. मीच खांद्यावर हात ठेवला नि बोलले, चल बाय, इकडून. त्या दिवशी पण असंच होणार. सगळे तिकडे धावतील आणि ही एकटी समुद्राकडे बघत राहील. तिला वाटेल, मलाच बोलावलं नाय. कोणीतरी शेजारी पाहिजे ना, चल बाय बोलायला?"



मी विचारलं, आणि कुठे वळायचं ते दोघींनाही कळलं नाय तर? आई बोलली, हाक आली की कळतं. मग मला मरियेची गोष्ट आठवली, प्रभूची आई नाय, त्याच्यामागे फिरणारी दुसरी मरिया. लहानपणापासून ऐकलेली, पण कधी नीट बघितलीच नव्हती. ती पहाटे प्रभूच्या कबरीशी गेली, कबर रिकामी. ती आत बघून रडतेय. आणि तो कुठे उभा होता? तिच्या मागे. म्हणजे ती पण उलट्याच बाजूला बघत होती ना? वळली तरी ओळखलं नाय, माळी वाटला. मग त्याने नुसती हाक मारली, मरिये. तेव्हा ओळखलं. तो तिला चुकीच्या जागी बघतेस म्हणून रागावला नाय. नावाने हाक मारली, बस.

खरंच असं होणार का सगळं? मला नक्की माहीत नाय, फादर, रागावू नका. रात्री भीती वाटते, वाटतं नुसती माती आहे. पण आईने नुसतं मानलं नाय, तिने त्या दिवसाची तयारी करून ठेवली. कोण कुठे उभं राहणार, कोण कोणाला वळवणार. एवढी तयारी माणूस खोट्या गोष्टीची करतो का? हे मी तुम्हाला विचारते. मला पण विचारते.

पण यातलं दादाला काय माहीत नाय. आई गेली हा माझा निरोप त्याच्या हॉटेलातल्या माणसाने दिला त्याला. तो आला नाय. त्याला वाटतंय, रीटा अजून तिकडे एकटीच पाठमोरी आहे. त्याला माहीत नाय की शेजारी आई आहे. तो एकटा कुठे बसला असेल, काय करत असेल, याच्या भीतीने माझा जीव थाऱ्यावर राहत नाय. माझा नंबर बघून तो उचलत नाय. तुमचा उचलेल. अनोळखी नंबर उचलतो तो, हॉटेलचं काम असतं म्हणून.

सिस्टर माझं बोलणं लिहून घेतायत, ज्यांना आज येता आलं नाय त्यांना पाठवायला. मग तुम्ही वाचणारे पण ऐका. शेवटी दोन मिनिटं उभं राहून शांत राहायची पद्धत आहे. आज ती नको. शांत माझा भाऊ आहे तेवढा पुरे. दादाचा नंबर सिस्टरकडे आहे. त्या दोन मिनिटांत त्याला फोन लावा. समजूत घालू नका, देवाचं काय बोलू नका. आधी नुसती नावाने हाक मारा, सायमन. मग सांगा, आई रीटाच्या शेजारी आहे, तिच्यासारखंच समुद्राकडे तोंड करून.

तो वळेल.