कर्ण्यावर ऐकलेलं

नाही मामा, पोर आत्ताच झोपलंय, त्याला उठवायचं नाही — तुम्ही टेका तिथं ओट्यावर, चहा घ्या, मी आतूनच बोलते. पदर आहे हो डोक्यावर, सोडलेला नाही. तुम्ही ह्यांचे सख्खे मामा, तुमच्यापुढं मी आजवर तोंड उघडलं नाही, आणि थोरल्या भाऊजींनी तेवढंच हेरून तुम्हांला खेडहून धाडलं, पोराला घेऊन या म्हणून. स्वतः आले असते तर मी बोलले असते का? तेव्हाही नसते बोलले म्हणा. आता बोलते. जाऊबाईंनी टोपडंसुद्धा शिवून पाठवलंय, बघितलं मी. इतकी वर्षं झाली, त्यांची कूस उजवली नाही, वाईट मलाही वाटतं — पण म्हणून माझी मांडी रिकामी करायची?

काय म्हणता, मरताना तुमचा भाचा बोलला ते सगळ्यांनी ऐकलं? ऐकलं की. भोसरीनं ऐकलं, दिघीच्या माणसांनी ऐकलं, तेच तर दुखणं आहे. तुम्ही त्या दिवशी नव्हता, भाऊजींनी सांगितलं तेवढंच तुम्हांला ठाऊक. नव्या कंपनीची विहीर खणत होते, हे तिथं सुरुंगाच्या कामावर. पाणी लागलं म्हणून पूजा ठरली, साहेब येणार, त्यासाठी चिंचवडच्या चिमाजीचे कर्णे लिंबावर बांधले — लग्नात लावतो तोच चिमाजी. पूजेआधी तळ साफ करायला हे एकटे उतरले आणि वरची दरड ढासळली. धोंड्यांखाली नेमके कुठं अडकलेत ते कळेना. ओव्हरसियर म्हणाला, फटीतून माइक खाली सोडा, कण्हणं ऐकू आलं की कुठं खणायचं ते समजेल. डोकं चांगलं चालवलं त्यानं, त्याला मी नावं ठेवत नाही. पण माइक खाली सोडला तेव्हा लिंबावरचे कर्णे कुणी बंद करायचे? चिमाजीला कुणी सांगितलं नाही, आणि कुणी सांगितल्याशिवाय तो काही करत नाही. ह्यांचा पहिला शब्द वाऱ्यावर गेला आणि जत्रा जमली. बैलगाड्या सोडल्या माणसांनी. दाणेवाला आला. बघायला तर काही नव्हतंच हो, नुसतं ऐकायचं — माणूस खाली गाडलेला, आणि सगळे माना वर करून लिंबाकडं बघतायत, जसे काही हे फांदीवरच बसलेत. एकजण म्हणाला, 'रेडिओवानी साफ येतंय की रं.' दुसरा म्हणाला, 'चिमाजी, वाईच वाढीव, मागं बायांना ऐकू येत न्हाई.' आणि त्यानं वाढवलं, मामा.

मला आणलं तेव्हा पोर कडेवर. ओव्हरसियर म्हणे, बोला बाई, फटीशी तोंड नेऊन बोला. बोला? सासरे शेजारी उभे, चुलतसासरे उभे, गाव उभं. आपल्या घरात मोठ्यांपुढं नवऱ्याशी बोलायची रीत आहे का? ताट वाढलं की दाराआडून बांगड्या वाजवायच्या, हे समजून उठायचे — सगळा संसार असाच झाला. सातवी शिकलेली मी, पुस्तक घडाघड वाचायची, पण तिथं दुसरं काही सुचलं नाही. फटीत हात घालून बांगड्या वाजवल्या. पुन्हा वाजवल्या. एवढ्या कालव्यात खाली कुठनं ऐकू जाणार? मग कर्ण्यातनं आलं, 'ती कुठाय रं? आली न्हाई?' लोक ओरडले, आलीय, आलीय. पण सकाळपासनं हेच लोक ओरडत होते — दोर आला, क्रेन आली, आता काढतोच. त्यांचं हे कशाला खरं मानतील? मग म्हणाले, 'न्हाई यायची ती. पोरगं दादाच्या पदरात घाला.' हेच ना तुमचं ते वचन? बायका डोळे पुसायला लागल्या, सासऱ्यांनी मान डोलावली — आणि मी तिथंच होते, मामा, तिथंच वाकलेली होते.

पुढचं भाऊजींना माहीत नाही. ऊन कललं तशी चिमाजीची बॅटरी उतरली. कर्णे घरघरले, गप्प झाले. आणि माणसं उठली. तमाशा सुटल्यासारखी धोतरं झटकत उठली — माणूस अजून खालीच होता, आवाज तेवढा बंद झाला होता. सासऱ्यांना भोवळ आली म्हणून सावलीला नेलं. खणणारे पलीकडच्या अंगाला. मी एकटी. तेव्हा फटीला तोंड लावून बोलले. आणि हे म्हणाले, बरं झालं आलीस, पोर तुझ्यापाशीच ठेव. झालं? हेच उद्या देवळात पोराच्या निवाड्याला पंचांपुढं सांगणार मी.

पुन्हा सांगू? पोराला कुणाला देऊ नकोस, म्हणाले. — मघाशी निराळं सांगितलं? अर्थ तोच की. असं दाराकडं बघू नका. शब्द न् शब्द कसा लक्षात राहील? त्या लोकांच्या राहिला, त्यांना काय, दाणे खाता खाता पाठ झालाय. आळीतली पोरं खेळ करतात त्याचा — एक खड्ड्यात बसतो, एक झाडावर चढून कर्णा होतो, आणि — बरं. तसं काही नाही म्हणाले हे. ऐका तर मग. मी 'आले' एवढंच म्हटलं. खालून नुसतं आलं, 'पाणी'. बास. मग काही नाही, कितीही वाकले तरी.

पण मामा, दिवसभर सगळ्यांनी विचारलं होतं, काय देऊ, काय पाहिजे — ह्यांनी कुणापाशी पाणी मागितलं नाही. माझा आवाज ऐकला आणि मागितलं. कामावरनं आल्यावर दारातनं मागायचे, तसंच. म्हणजे मी आलेय हे कळलं होतं ना त्यांना? मग ते आधीचं बोलणं पुसलं गेलं का नाही? तुम्हीच सांगा. — नका सांगू. 'पाणी' म्हणाला म्हणून पोर आईकडं, असं कुठला पंच धरील. त्यांना आखीव वाक्य लागतं. ते मी देणार. देवाच्या पायरीवर हात ठेवून देणार.

तुम्ही जाऊन सांगाल, ती खोटं बोलणार आहे म्हणून? सांगा की. कुणापुढं कबूल केलं म्हणाल — तुमच्यापुढं? मी तुमच्यापुढं कधी बोलतच नाही, मामा, सगळ्या भावकीला ठाऊक आहे.

उठा आता. खेडची एसटी यायची वेळ झाली.