नासवलेलं दूध

इटलीत चार वर्षं शिकून नाशिक रोडला परतले, तेव्हा वाटलं होतं की कॉलनीतल्या बायकांना आता मी जग दाखवणार. घडलं भलतंच.

तिकडे कन्नोली नावाची मिठाई असते. तळलेली कुरकुरीत नळी आणि आत फाटलेल्या दुधाचं गोड सारण. त्या चवीचं आइस्क्रीम सगळ्यांना खिलवायचं आणि मग पाककृतींचा वर्ग काढायचा, असा माझा बेत. संध्याकाळी दहाजणी येणार होत्या. दुपारी दोन लिटर उकळत्या दुधात लिंबू पिळलं, शेजारच्या गायकवाडकाकूंकडे किल्ली दिली आणि बर्फ आणायला द्वारका चौकात गेले.

परतले तर पातेलं घासून पालथं घातलेलं.

काकू हळूच म्हणाल्या, "दूध नासलं होतं गं. ओतून टाकलं. कुणाला कळलं नाही."

"अहो काकू, ते..."

"असू दे. माझ्या दूध-कार्डावर मिळालेलं आजचं दूध आटवून ठेवलंय. आमच्याकडे आज कोरा चहा चालेल."

संध्याकाळी त्याच दुधाचं आइस्क्रीम लावलं; हाताने फिरवायचा पॉट सगळ्याजणींनी आळीपाळीने फिरवला. नळ्या तळताना फुटल्या, तेव्हा काकूंनीच घरच्या करंज्यांच्या तळलेल्या पाऱ्या आणून आइस्क्रीमवर चुरल्या. पॉट सगळ्याजणींनी आळीपाळीने फिरवला. पहिला चमचा खाऊन काकू म्हणाल्या, "चांगलंय. पण एवढ्यासाठी इटली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवलं, वर्ग काढायचाच, पण शिकवायला आधी काकूंना बसवायचं. आणि दूध मी मुद्दाम नासवलं होतं, हे त्यांना कधीच सांगायचं नाही.