दिवसाढवळ्या झोपायला गेलेली बाई

सुट्टीला कुठं जाताय असं तुम्हाला पुष्कळांनी विचारलं असेल, पण कशाला जाताय असं कधी कुणी विचारलंय का? मला विचारलं. घरी विचारलं, शेजारी विचारलं, कारखान्यात शेठनं विचारलं, आणि ज्या बायकांबरोबर जायचं होतं त्यांनी तर सगळ्यात जास्त विचारलं, कारण मी म्हटलं होतं, यावेळी देव नको, समुद्रावर जाऊ आणि नुसतं पडून राहू.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई आळशी दिसते. माझं नाव रंजना. माहेर मुरबाडच्या पुढं, भातशेतीचं घर, लहानपणी आमचं फिरणं म्हणजे म्हसा गावची गुरांची जत्रा, तीसुद्धा बापाच्या मागं मागं बैल बघत, आणि येताना डोक्यावर घोंगड्या घेऊन, म्हणजे ते पण कामच. मग लग्न होऊन बदलापूर गावात आले, जुन्या गावात. सासरची शिरगावकडं थोडी जमीन होती, तिथं आता बिल्डिंगा आहेत, आणि त्या बिल्डिंगांत आम्ही राहत नाही, एवढंच सांगते. नवरा अंबरनाथला केमिकल कंपनीत कंत्राटावर. मी उल्हासनगरला, पाच नंबर कॅम्पात, जीन्सच्या कारखान्यात धागा कटिंगला. पॅन्ट शिवून येते ना, तिच्या शिवणीला जिथंतिथं दोऱ्याची टोकं लोंबत असतात, ती बारक्या कटरनं कापायची. बसायचं जमिनीवर, पॅन्ट मांडीवर, मान खाली. निळा रंग नखांत जातो तो निघत नाही. नवीन होते तेव्हा भाकरी थापताना मला भीती वाटायची की पीठ निळं होतंय का काय.

आता काय सांगू तुम्हाला, या सगळ्या वर्षांत मी दिवसा आडवी झाले ती बाळंतपणांत आणि एकदा मलेरियात. बस. बाई दिवसा आडवी झाली की आमच्याकडं पहिला प्रश्न, काय झालं? काही झालं नाही तर मग उठ. रविवारी दुपारी मी कधी भिंतीला पाठ टेकवून पाय पसरले तरी घरात कुणाला तरी चहा आठवतो. मुद्दाम करत नाहीत हो, वाईट नाहीत माझी माणसं. पण बाई रिकामी दिसली की यांना तहान लागते.

तर आम्हा धागा कटिंगच्या बायकांची वर्षातून एक सहल निघते, ऑर्डरी कमी असतात तेव्हा. गाडी ठरवायची, दोन रात्री बाहेर. ही सहल उभी केली नलूताईनं, आणि तिच्याबद्दल मी मन भरून बोलणार आहे, कारण अशी बाई मी दुसरी पाहिली नाही. माझ्यापेक्षा मोठी, अंबरनाथची, जुन्या शंकराच्या देवळाच्या बाजूला वाढलेली. ते देऊळ तुम्ही बघितलंच असेल, सगळं दगडाचं, बाहेरून कोरीवकामानं भरलेलं, इंचभर जागा मोकळी नाही. नलूताई सांगते, लहानपणी आई कपडे धुवायला ओढ्यावर जायची आणि हिला देवळाच्या भिंतीपाशी बसवायची, तेव्हापासून हिला दगडाकडं बघायचा नाद. शाळा अर्धवट सुटली पण नाद सुटला नाही. तिच्यामुळं आम्ही कोल्हापूर बघितलं, तुळजापूर बघितलं, वेरूळ बघितलं. आणि नुसतं दर्शन घेऊन चला, असं नाही. ती थांबवते. वेरूळला एका खांबावरच्या बाईपुढं आम्हाला उभं केलं आणि म्हणाली, हिच्या कमरेकडं बघा, सगळं अंग एका पायावर टाकलंय, आपण नळाच्या लाइनीत उभ्या राहतो तशी उभी आहे की नाही? आम्ही बघितलं तर खरंच तशीच. सगळ्या हसलो. पण मी त्या दिवसापासून नळावर उभी राहिले की मला ती दगडातली बाई आठवते, आणि वाटतं, आपल्यासारखीला कुणीतरी कधीतरी इतकं नीट बघितलं होतं. हे मला नलूताईनं दिलं. तिचं म्हणणं एकच, बाई एवढ्या मुश्किलीनं घराबाहेर पडते, तर तिनं डोळे भरून काहीतरी घेऊन यावं.

बरोबरच आहे तिचं. पण माझं शरीर ऐकेना. वेरूळला शेवटी शेवटी मी पायरीवर बसले आणि माझ्या मनात काय आलं असेल? की ही दगडातली माणसं निजलेली किती छान दिसतात. देव निजलेला, हत्ती बसलेला, आणि मी मात्र पुढच्या लेण्यात चालले.

म्हणून मग गेल्या वर्षी डबा खाताना मी बोलले. समुद्र. देव नाही, किल्ला नाही, काही नाही. झालं, सगळ्या सुरू. एक म्हणाली, रंजे, म्हातारपणी हनिमून करतेस काय गं. दुसरी म्हणाली, नवऱ्याला तरी घे बरोबर. नलूताई चिडली. म्हणाली, झोपायचंच असेल तर एवढं भाडं घालून कशाला, घरी झोप की. मी म्हटलं, घरी झोपता येतं का, ताई? तुला येतं का?

तिनं डबा पुसून ठेवला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, रंजनानं आजवर काही मागितलं नाही, यावेळी तिचं ऐकू. मला पटलेलं नाही, पण ऐकू. फक्त घरी सांगताना कुठल्यातरी देवाचं नाव घ्या, नाहीतर निम्म्या जणींना सोडणार नाहीत.

आणि हे खरं होतं. आमच्या कारखान्यातून बाहेर जायला गेटपास लागतो, तसा आमच्या घरांतून बाहेर जायला देव लागतो. देवाला जाते म्हटलं की सासू गप्प, नवरा गप्प, उलट वर नारळ देतात. शेठ आमचा सिंधी, त्याच्याकडं रजा मागायला गेलो तर तो पण म्हणाला, इस बार कहाँ दर्शन है? मी म्हटलं, दर्शन नहीं सेठ, समुंदर. तो हसला, म्हणाला, अरे वा, गोवा? तो स्वतः दरवर्षी गोव्याला जातो, घरच्यांना घेऊन, आणि काळा होऊन परत येतो, आणि आजवर त्याला कुणी विचारलं नाही की साईं, प्रसाद कुठाय. नवऱ्याच्या कंपनीतले पण जातात. त्यांचा देव कुणी विचारत नाही.

देवाशी माझं भांडण नाही, तुम्ही तसं समजू नका. मी सोमवार करते. पण मला थोडा आराम पाहिजे, आणि तो मागायला मी देवाला पुढं का करू? खोटं सांगून गेले असते तर तो आराम चोरीचा झाला असता, तिथं पडल्या पडल्या मला तेच वाटत राहिलं असतं. मग मी घरी खरं सांगितलं.

सासूबाई माझ्या उरणकडच्या, आगरी, तरुणपणी मिठागरावर काम केलेल्या. त्यांना समुद्र म्हणजे काय तर टोपली आणि फुटलेल्या टाचा. त्या भाजी निवडत होत्या. विचारलं, कंचा देव हाय तिकरं? मी म्हटलं, कुठलाच नाही. मंग कं जातंस? मी म्हटलं, झोपायला. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी घर सोडून चालले. मग त्या बोलेनाशाच झाल्या. नवरा म्हणाला, वाटेत गणपती लागतो एवढं बोलली असतीस तर भागलं असतं, कशाला उगाच. मी म्हटलं, तुमच्या रात्रपाळीनंतर तुम्ही दुपारी झोपता तेव्हा मी कुठला गणपती मध्ये आणते?

गेलो. अलिबागच्या पुढं एक गाव आहे, सुरूची झाडं, वाळू, आणि एका बाईच्या घरी राहायची सोय. आता आमची गंमत ऐका. पहिल्याच सकाळी उजाडायच्या आत सगळ्या जाग्या. काम काही नाही आणि सगळ्या जाग्या. एकीनं सगळ्यांच्या पांघरुणांच्या घड्या घातल्या, एकीनं अंगण झाडलं, दोघी जाऊन घरमालकिणीचे तांदूळ निवडत बसल्या. ती बिचारी म्हणाली, अहो, तुम्ही पैसे देऊन आलात की मी दिलेत? मग वाळूत जाऊन बसलो, समुद्र समोर, वारा मस्त, आणि मी बघते तर सगळ्यांची बोटं चालू. एकमेकींच्या साड्यांचे, ओढण्यांचे काठ धरून सुटलेले धागे ओढतायत. कुणाच्या लक्षात पण नाही. मी माझ्या हाताकडं बघितलं तर माझ्या हातात पण नलूताईचा पदर.

नलूताईला तर बसवेचना. तिला गावात कुणीतरी पडक्या किल्ल्याचं सांगितलं, ती दोघींना घेऊन गेली, येऊन तोफेवरची अक्षरं कशी आहेत ते सांगत बसली, डोळे असे चमकत होते तिचे. मला म्हणाली, चल ना, बघून ये, परत कधी येणार? मी म्हटलं, तुझ्या डोळ्यांनी बघितला मी. आणि सुरूखाली चटई टाकून आडवी झाले.

खोटं कशाला सांगू, लगेच झोप नाही आली. वाटायचं आता कुणीतरी हाक मारणार. कानात कुकरच्या शिट्ट्या, खरंच. उन्हाचे ठिपके अंगावर, आणि मी डोळे मिटून पडलेली, चोरी पकडली जाईल असं वाटत होतं. मग कधीतरी लाटांचा आवाज आला. आला म्हणजे तो आधीपासून होताच, पण मला ऐकू आला. आणि मग मी गेले. भरदुपारी, उघड्यावर, धडधाकट बाई.

पुढचं मला बायकांनी सांगितलं. मी अशी काही झोपले की येणारेजाणारे थांबायला लागले. पाटीत मासळी घेऊन चाललेली एक कोळीण थांबली, म्हणाली, चक्कर आली का तिला? सरबतवाला पाणी घेऊन धावत आला तोंडावर मारायला. आमचा ड्रायव्हर म्हणाला, उठवा, डॉक्टरकडं नेऊ, गाडी काढतो. बघा तुम्ही, कुणी वाईट नव्हतं, सगळे मदतीलाच आले होते. बाई दिवसा झोपलीय म्हणजे आजारी, एवढंच त्यांना माहीत. आणि नलूताई, जिला हे सगळं मुळातच पटलेलं नव्हतं, ती उठून माझ्या आणि त्या माणसांच्या मध्ये उभी राहिली, आणि म्हणाली,

काही झालेलं नाही तिला. बरी आहे ती. झोपलीय.

ड्रायव्हर म्हणाला, अहो पण एवढा वेळ? नलूताई म्हणाली, तिची झोप आहे, तिला जेवढी पाहिजे तेवढी. आणि मी उठेपर्यंत ती तिथंच उभी. बसली नाही, म्हणे बसले असते तर कुणीतरी मला ओलांडून गेलं असतं. मी जागी झाले तेव्हा ऊन कललं होतं आणि मला आधी दिसली तिची पाठ. लेणी बघायला नेणाऱ्या त्या बाईनं समुद्रावरची अख्खी दुपार माझ्या झोपेला दिली. मी तिला म्हटलं, ताई, तुझा दिवस फुकट गेला. ती म्हणाली, नाही गं, बघितलं की. तू झोपेत कशी दिसतेस ते कुणी बघितलं असेल का कधी? कपाळावरची ही आठी जाते तुझी.

परत येताना पेणला गाडी थांबली आणि बऱ्याच जणींनी पेढे घेतले. का, तर घरी प्रसाद म्हणून द्यायला. ज्या देवाला गेलोच नाही त्याचा प्रसाद. हसायला येतं, पण त्यांना हसू नका, घरी त्यांना उत्तर द्यायचं होतं. मी नाही घेतले. नलूताईनं पाकीट हातात घेतलं होतं, ते तिनं परत ठेवलं.

घरी आले, चपला काढल्या, सासूबाई बसल्या जागेवरून बघत होत्या. हात पुढं नाही केला प्रसादाला. मी पाय धुऊन आले तशा त्या आपणहून बोलायला लागल्या, मिठागरावरचं, जे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. की दुपारी बांधावर पाठ टेकली तर मुकादम यायचा आणि टोपली लाथेनं उडवायचा, आणि समोर एवढं पाणी पण त्याच्याकडं बघायची चोरी. म्हणून त्यांना समुद्र नको वाटतो. मग त्यांनी विचारलं, झोप लागली का गो? मी म्हटलं, लागली. त्या म्हणाल्या, मंग बरा झाला. आणि उठून स्वतः चहा टाकला.

त्यांना मी म्हटलं होतं, पुढच्या खेपेला तुम्ही चला. त्या म्हणाल्या, समुद्र नको. मग नदीवर नेलं त्यांना, जवळच, एका सकाळी, चटई घेऊन. त्या आडव्या काही झाल्या नाहीत, पण पाय पसरून बसल्या. तेवढं पुष्कळ.

यंदाची सहल नलूताईच्या पसंतीची आहे, पुन्हा लेणी, आणि मी जाणार, पाय दुखले तरी सगळं बघणार, तिच्या मागं मागं चालणार, कारण बघणं काय असतं ते तिच्याकडूनच शिकायचं. तिला पण आता पटलंय की एक वर्ष डोळ्यांचं, एक वर्ष पाठीचं. देव तिला भरपूर आयुष्य देवो, आणि तिचे गुडघे शाबूत ठेवो.

तुमच्याकडं माझं एकच मागणं आहे. घरच्या बाईला समुद्रावर नेणं सगळ्यांना जमत नाही, मला माहीत आहे. पण येत्या रविवारी जेवणं झाली की घरातल्या सगळ्यांना घेऊन तुम्ही बाहेर पडा, पोरं, म्हातारी माणसं, पाहुणे, सगळे, आणि तिला एकटीला घरात सोडा. दार बाहेरून ओढून घ्या. फोन करू नका. दिवेलागणीला परत या, येताना खायला बाहेरूनच आणा. आणि आल्यावर, एवढा वेळ काय केलंस, असं तिला विचारू नका.