चंचीतली गोळी

दवाखान्यात नवऱ्याच्या उशाशी बसलेल्या वच्छलाबाईचे कान शेजारच्या खाटेकडं लागले होते. तिथं पालमच्या छबूबाईला सिस्टर विचारत होत्या.

“घरी कोणतं औषध घेता?”

“एक बी न्हाई, बाई.”

“वैद्याचं, हकिमाचं?”

“तसलं काई न्हाई.”

“मग अंग दुखलं तर काय करता?”

“अंग तर रोजच दुखतंय. ऊस तोडायला जायच्या आदी आमी समदेच एकेक गोळी खातो.”

“आणि औषध नाही म्हणता?”

“ते कुठं औषध? कामाची गोळी हाय ती. मुकादमच वाटतोय, चहासंगं.”

“आता जवळ आहे?”

“चंचीत बघा, सुपारीखाली.”

“आज खाल्ली?”

“सकाळी एक. पडून पडून कंबर लय धरली.”

“छबूबाई, डॉक्टरांनी तुम्हाला रक्त पातळ करायची गोळी लिहिलीय. दोन्ही पोटात गेल्या तर आतल्या आत रक्त सुटेल.”

“एवढ्याशा गोळीनं?”

“एवढ्याशाच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी आता काही देत नाही.”

सिस्टर चंची घेऊन वळल्या, तशी वच्छलाबाईनं खुंटीवरच्या नवऱ्याच्या सदऱ्याचा खिसा चाचपला.

“सिस्टर, आमच्या खाटंवर बी इचारा की.”