मेलेल्यांच्या वाटेचं नाव

बेथाग: फाटक उघडा हो, कारभारीसाहेब! माझा नवरा आहे त्या पेटीत. आठ जण कालपासून खांदा देतायत.

कारभारी: मग तसेच माघारी जा. जमीनदारसाहेबांनी हे रान आता शिकारीसाठी राखलंय. हरणं बुजतात.

बेथाग: अहो, खिंडीपलीकडे आमची थडगी! माझी तिन्ही लेकरं तिथं. त्यांच्याशेजारी ठेवीन, असा शब्द दिलाय मी नवऱ्याला, माझ्या रुअरीला.

कारभारी: नकाशातली वाट बंद करणार नाही, असा साहेबांनीही शब्द दिलाय. टेट, तू मोजणीवाला ना? काढ तुझी नकाशासाठीची नावांची वही. वाच.

टेट: ‘लारिक वोर, मोठी खिंड. राअत नाम बो, गुरांचा रस्ता. ब्यालख नान गोअर, शेरडांची खिंड...’

बेथाग: हीच! हीच ती खिंड!

टेट: पुढं ऐका, आजी. ‘हिच्यातून रस्ता नाही. फक्त शेरडं चढतात. माहिती देणारी, बेथाग मॅक्रे.’

कारभारी: तूच ना गं ती?

बेथाग: मीच... पण हा दारात नावं विचारत होता तेव्हा रुअरी आत तापानं फणफणत होता! घरात दुखणाईत असताना त्या वाटेचं नाव घेतं का कुणी? राअत नाम मारव, मेलेल्यांचा रस्ता. नाव घेतलं की वाट माणूस मागते. आमच्यात शेंबडं पोरही जाणतं हे.

टेट: मी दोनदा विचारलं होतं तुम्हाला.

बेथाग: दोनदा खोटं बोलले. तो जगावा म्हणून!

कारभारी: मग, जगला का?

टेट: साहेब, वर दगडांचे ढीग आहेत. जिथं पेटी टेकवतात तिथं प्रत्येकजण एक दगड ठेवतो. रस्ता आहे तो. मी दुरुस्ती...

कारभारी: दुरुस्तीला माझी सही लागते. ती मी करत नाही. म्हातारे, खाली ओढ्याकाठी रोगानं मेलेल्या मेंढ्यांसाठी खड्डा खणलाय. त्यात घाल त्याला.

बेथाग: देव बघतोय, साहेब.

कारभारी: बघू दे. त्याचीही साक्ष नाही वहीत.

बेथाग: उचला रे, पोरांनो. थांबा... आधी एकेक दगड ठेवा इथं, फाटकापाशी. पेटी टेकली होती ना.

कारभारी: ठेवा, ठेवा. फाटकाला टेकू हवाच होता.