इंग्रजी शिव्यांचा निवाडा

नाय मॅडम, तिकडे बसू नका — तिकडे बर्फाचं पाणी हाय, साडी भिजेल — इकडे या, ह्या उलट्या टोपलीवर बसा, कोरडी हाय. गुणाबाई चहाला गेल्यात, येतील आता. तोवर मला तुमच्याशी जरा बोलायचं हाय. नाक दाबा, दाबा, मला राग नाय येत. तुमी मासळी खात नाय ना? माझी प्रांजल बोलली मला. नायतर मी तुमच्यासाठी पापलेट बांधूनच ठेवलं होतं — लाच? लाच कशी? पापलेट हाय ते!

तर मॅडम, तुमी माझ्या पोरीला शाळेत इंग्रजी शिकवता, म्हणून गुणाबाईंनी तुमालाच बोलावलं. पनवेलच्या ह्या बाजारात आमचा एक नियम हाय — आमचा, महापालिकेचा नाय. पूर्वी आमी कोळणी कशा भांडायचो! गिऱ्हाईक मासळी विसरून ऐकत उभं रायचं. मग गेल्या नारळी पुनवेला गुणाबाईंनी — बाजारात सगळ्यांत मोठ्या त्या — सगळ्यांना नारळावर हात ठेवायला लावला — आजपासून बाजारात शिवी नाय. जी देईल तिनं आपली जागा सोडायची आणि वर्षभर मागे, मोरीजवळ बसायचं. मोरीजवळ गिऱ्हाईक येतं का? मांजर येतं. आणि माझी जागा बघा — दरवाजाच्या तोंडाशी! सासूची होती ही. आत पाऊल टाकलं की माणसाला पयली सत्यवतीच दिसते. आणि सत्यवतीला समोर कोण दिसते? रंजिता. आता दिवसभर रंजिताकडे बघायचं आणि शिवी द्यायची नाय — मग माणसानं ती ठेवायची कुठे? मला पित्त झालं, मॅडम. डॉक्टर बोलले, तिखट कमी खा. तिखटानं नाय हो झालं!

त्यात आमची प्रांजल. कसल्या तरी परीक्षेसाठी कठीण कठीण इंग्रजी शब्द पाठ करते — झाडू मारताना, भांडी घासताना, कोलंबी सोलताना तर विचारूच नका, एक कोलंबी की एक शब्द. मी ऐकायची आणि वाटायचं, अरे, हे काय जोरदार हाय! मी बोलले, पोरी, ह्यातल्या शिव्या शिकव मला. ती बोलली, आई, तू शपथ घेतलीस ना? मी बोलले, शपथ मराठीत घेतली. आधी तोंड फुगवून बसली, मग दिले तीन शब्द. मी ते घोकले, मॅडम — तुमच्या वर्गातली पोरं घोकणार नाय एवढे घोकले. बर्फ फोडताना घोकले, पहाटे करंजा बंदरावर मासळीच्या लिलावात उभी राहून घोकले. बायका बोलल्या, सत्यवती देवाचं नाव घ्यायला लागली.

आणि मग एक दिवस रंजितानं माझं गिऱ्हाईक हाक मारून नेलं. मी उठले, कमरेवर हात ठेवला आणि बोलले, "मॅग्नॅनिमस!" अख्खा बाजार वळून बघायला लागला! दुसऱ्या खेपेला दिलं ठेवून, "परस्पिकेशस कुठली!" आणि ज्या दिवशी ती माझ्या सुरमईला शिळी बोलली ना, त्या दिवशी ठेवणीतला काढला — "पल्क्रिट्यूडिनस! तू पल्क्रिट्यूडिनस, तुझी आई पल्क्रिट्यूडिनस, तुझं खानदान पल्क्रिट्यूडिनस!" तोंड कसं भरतं बघा. माझं पित्त बसलं, मॅडम, खरंच बसलं. ती बिचारी — बिचारी कसली! — तिला इंग्रजी येतं ते मॉलच्या पाटीवरचं. ती उलटून ओरडली, "फ्लॅट फिफ्टी पर्सेंट ऑफ!" आणि माझ्याकडची गिऱ्हाइकं धावत गेली तिच्याकडे. मग अर्ध्या भावात मासळी द्यावी लागली, तशी ती रडत गुणाबाईंकडे गेली.

म्हणून सांगते, गुणाबाई विचारतील, ह्या शिव्या हायेत का? तुमी बोलायचं, नाय, चांगले शब्द हायेत. एवढंच एक खोटं बोला. तुमाला पाप लागणार नाय, लागलं तर मी घेते — काय? खोटं बोलावंच लागणार नाय? म्हंजे? ... थांबा, थांबा. पयला शब्द — मोठ्या मनाची? कोण, रंजिता? आणि दुसरा? ... चटकन सगळं समजणारी. हुशार. रंजिता हुशार! तिसरा नका सांगू. नाय, सांगा. हळू सांगा ... रूपवती? अवो मॅडम, हा शब्द सुंदर असेल का? ऐकून बघा ना — पल्क्रिट्यूडिनस! कुठल्या बाजूनं सुंदर हाय हा? म्हंजे मी अख्ख्या बाजारात, कमरेवर हात ठेवून, घसा फोडून तिचं कौतुक करत होते? आणि तिच्या आईचं पण! म्हातारी समोर बसून पान खात होती!

प्रांजलनं मला वाचवलं, कळतंय मला. जागा जाऊ नये म्हणून असले शब्द दिले कार्टीनं. शिवाय तिला रंजिता मावशी आवडते — लहानपणी पोरगी तापानं फणफणली होती, मी लिलावाला गेलेली, तेव्हा रंजिताच तिला मांडीवर घेऊन बसली. स्वतःची मासळी तशीच ठेवून. आता मोठ्या मनाची हाय ती, नाय कोण बोलतं? डोकं पण चालतं, नुसतं मासळीच्या पाटीकडे बघून सांगते किती वाटे पडतील. आणि दिसायला — तुमी डोळे बघितलेत तिचे? लग्नात उभी रायली तेव्हा कोळीवाडा नवऱ्याला विसरला होता. पण म्हणून मी बोलायचं? तिच्या तोंडावर? बाजारात?

मॅडम, पाया पडते, उलटं सांगा. शिव्या हायेत बोला. घाण शिव्या ... नाय बोलणार? खरं तेच सांगणार? मग माझी जागा रायली, पण माझं काय रायलं? उद्यापासून ती रोज सकाळी पदर सारखा करून विचारेल, "सत्यवती, आज नाय बोललीस गो, मी कशी दिसते?" इकडे, समोरासमोर, मरेपर्यंत!

आल्या गुणाबाई. ती पण आली, आईला घेऊन. नटलीय काय बघा, जशी काय —

गुणाबाई! ओ गुणाबाई! मॅडमना काय विचारू नका! शिव्याच होत्या! तिन्ही शिव्या होत्या, मी कबूल करते, सगळ्यांसमोर! इंग्रजीतल्या सगळ्यात घाण, मॅडमच्या तोंडातून निघणार पण नायत, बघा कशा लाजल्या त्या! ही उचलली मी माझी पाटी. ही चालले मोरीजवळ.

तुमी कशाला उठलात, मॅडम? काय सांगायचं नाय. एक अक्षर नाय. निघा तुमी — रिक्षा त्या बाजूला मिळते.