टॉवरखालचा चहा

मंडळी, एक विचारतो. डोकं दुखलं की आपण पहिला दोष कुणाला देतो? — शेजाऱ्याला! हसू नका काका, तुमच्याचबद्दल बोलतोय!

ऐका तर. बोरखेडीत दोन जावा. थोरली गोदाक्का, धाकटी कौसल्या. घरं भिंतीला भिंत लागून. दुपार कलली की कौसल्येच्या म्हशीचं दूध, आलं घातलेला चहा, आणि गप्पा! गावातला एक माणूस सुटायचा नाही — कीर्तनकारसुद्धा!

पण कौसल्येनं स्लॅबवर मोबाइलचा टॉवर बसवू दिला. गोदाक्काला न विचारता! संपलं! "तिच्या म्हशीचं दूध या घरात येणार नाही!" गोदाक्का कडाडली. मग कोरा चहा? — छे! तो म्हणे आजाऱ्यानं प्यावा! चहाच सुटला!

झालं! दुपार कलली की डोकं ठणकायचं. रात्री झोप नाही. कानात गुंऽऽऽ! "टॉवरच्या लहरी गं बाई!" डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, दाराला लिंबू-मिरची झाली. लहरी काय लिंबाला भितात? शेवटी म्हणाली, "घर विकते!" मंडळी, नवऱ्यानं स्वतः राबून बांधलेलं घर हो ते! रडत रडत तालुक्याला लेकीकडं, शैलाकडं गेली.

शैलानं दुपारी चहा केला. मायलेकी बोलत बसल्या. आणि डोकं? — एकदम गप्प!

"बघ शैले, इथं टॉवर नाही ना!"

"आई, जरा गच्चीवर चल."

गच्चीवर बघते तर काय — एक सोडून दोन टॉवर!

दुसऱ्या दिवशी गोदाक्का एसटीतून उतरली ती थेट कौसल्येच्या दारात. "कौशे, डोकं दुखतंय माझं. चहा टाक."

कौसल्येचे डोळे भरले. "अक्का, मी रोज दोन कपच टाकते. तुमचा गार झाला की कढीपत्त्याला ओतते. बघा, झाड कसं माजलंय!"

आता डोकं चहानं थांबलं की जावेच्या बोलण्यानं, ते मला विचारू नका, मी काही डॉक्टर नाही! पण दुखत होतं ते खरंच हो! ढोंग नव्हतं. बिचारीनं दुखण्याचा पत्ता तेवढा चुकीचा लिहिला.

मंडळी, आता घरी जाल. वाटेत एक दार लागेल, जिथं तुम्ही हल्ली थांबत नाही. आज थांबा. चहा मागून प्या. पांडुरंगाचा गजर आपण इथं केला — पांडुरंगाला तो त्या दारात ऐकू येईल!